शनवारी न वाजलेलं शिंग

सन १९६९. एलोजीमामा तेव्हा सदुसष्ट वर्षांचे होते आणि मी अडतीसचा. त्यांचं वय मला पक्कं ठाऊक आहे, कारण त्याच वर्षी आमच्या चर्चच्या मंडळीचे पंच म्हणाले होते, "म्हाताऱ्याला आता ऐकू येत नाही." खोटी गोष्ट. मामांना भिंतीपलीकडची पाल ऐकू यायची. पंचांचं ऐकायचं नव्हतं, एवढंच.

हे आज लिहायला कारण घडलं. मागच्या रविवारी आमच्या चर्चमध्ये बाहेरगावचे एक तरुण प्रवचनकार आले. विषय होता, यहुदी लोकांच्या नव्या वर्षाच्या सणाचा ख्रिस्ती माणसासाठी आध्यात्मिक अर्थ. पाऊण तास बोलले. त्या सणाला कर्णा वाजवतात, तो कर्णा म्हणजे शेवटचा कर्णा, प्रभू ढगांवर येणार, आपण वर उचलले जाणार, बाकीचे खाली राहणार. लोक माना डोलावत होते. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो आणि अंगाची लाही लाही होत होती. अरे, ज्या बाकांवर बसून तुम्ही वर जायच्या गोष्टी ऐकता, ते बाक करणारा माणूस यहुदी होता! त्या सणाचा अर्थ त्यानं ह्याच आवारात, आमच्या डोळ्यांसमोर दाखवला होता. त्याची आठवण एकालाही नाही. मग मीच लिहितो. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका काढायच्या त्यानं खुशाल काढाव्या, पण आधी शेवटपर्यंत वाचावं.

मी त्या चर्चचा घंटावाला. झाडणं, पुसणं, चाव्या सांभाळणं, सगळंच माझ्याकडे होतं, पण मी स्वतःला घंटावालाच म्हणवतो. एकतीस वर्षांत रविवारची घंटा एकदाच वाजली नाही. ते कधी, ते पुढे येईल.

एलोजीमामा मूळचे कोकणातले, कुलाब्याकडचे. त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची. म्हणून तिकडे त्यांना शनवार तेली म्हणत. मामा रेल्वेच्या कारखान्यात सुतार म्हणून नागपूरला आले आणि इथलेच होऊन गेले. बोलणं अर्धं तिकडचं, अर्धं आमचं. अंगानं बुटके, पांढरी टोपी, आणि उजव्या कानावर सुताराची लाल पेन्सिल. कानावर पेन्सिल नसली की समजायचं, आज शनिवार. त्या दिवशी चूल नाही, रंधा नाही, पैशाला हात नाही. ओसरीवर बसून जुनं पुस्तक उघडायचं आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायचं. आवारातली पोरं ओरडायची, "शनवारमामा, खिळा ठोकता का?" मामा पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायचे, "उद्या तुझ्या डोक्यात ठोकतो."

बायको वारली, मुलगी कल्याणला दिली, नोकरी संपली. तेव्हा आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी त्यांना आवारातली मागची खोली दिली. म्हणाले, "आमचे बाक करून द्या आणि जिवंत असेपर्यंत राहा." हे मी ह्या दोन कानांनी ऐकलं. कागद केला नाही. जुन्या माणसांना वाटायचं, बोललेलं पुरे.

बाकांची गोष्ट सांगतो. पुनरुत्थानाच्या सणाआधी बावीस बाक हवे होते. मामांनी पंचांना बजावलं, "लाकूड मंगळवारपर्यंत आणून टाका. लाकूड घाई ओळखतं." पंचांनी शेवटचं लाकूड आणलं शुक्रवारी दुपारी. एकवीस बाक तयार होते. मामांचा शनिवार शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू व्हायचा. सूर्य कलायला लागला तशी मामांनी हत्यारं पुसली, पेटीत घातली, कानावरची पेन्सिल काढून वर ठेवली आणि आंघोळीला गेले. पंच चिडले. म्हणाले, त्यात काय मोठं, आम्ही करतो. शनिवारी दिवसभर तिघा पंचांनी मिळून बाविसावा बाक ठोकला. तो बाक त्या दिवशी डुगडुगला, तो आजही डुगडुगतो. त्याच्या पायाखाली घालायला मी दर रविवारी पुठ्ठ्याची घडी करतो. मामांनी तो नंतर नीट करून दिला नाही. विचारलं तर म्हणाले, "राहू दे गा. त्याच्यावर बसला की माणूस झोपत नाही."

आता त्यांच्या सणाचं. त्यांचं नवं वर्ष कधी आपल्या पोळ्याच्या पाठोपाठ, कधी त्यानंतर महिन्याभरानं यायचं. ते त्याला नव्याचा सण म्हणत. गव्हाच्या चिकाचा, नारळाच्या दुधातला हलवा करून घरोघर एकेक वडी द्यायचे. सकाळी पांढरे कपडे घालून ओसरीवर उभे राहायचे आणि मेंढ्याचं शिंग फुंकायचे. शिंग त्यांच्या वडिलांचं. वर्षभर कापडात गुंडाळून फडताळात ठेवलेलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणे, आणि नागपुरात त्यांची दहा माणसं कुठून जमणार? एकटेच वाजवायचे. एक लांब आवाज, मग तीन तुटक, मग नऊ बारीक, पोर रडताना हुंदके देतं तसे, आणि परत एक लांब. सूर नाही, ताल नाही. माझ्या बायकोनं, मार्थानं, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "हे गानं नोहे जी. हे कोनीतरी कोनाले हाक मारून राहिलं."

आणि त्या शिंगाच्या आगेमागे मामा घरोघर जायचे. फक्त हलवा द्यायला नाही. दारात उभे राहायचे, टोपी नीट करायचे आणि विचारायचे, "वर्षभरात माझ्याकडून तुझं मन दुखलं असेल तर सांग. माफी मागायला आलो."

मी म्हणायचो, "काही नाही जी मामा."

"आठवून सांग गा याकोबा. 'काही नाही' म्हणणं सोपं असतं. मग ते आतच राहतं."

एका वर्षी मार्था आतून म्हणाली, "हो, आहे! तुमी माया कोंबडीले लाकडाचा तुकडा फेकून मारला. तीन दिवस अंडं नाही देल्लं तिनं."

मामा हसले नाहीत. सरळ उभे राहून म्हणाले, "चुकलं बाई माझं. माफ कर." मग थांबून, "कोंबडीची पण मागू काय वं?" तेव्हा कुठे सगळे हसले. पण पुढच्या आठवड्यात कोंबड्यांसाठी नवं खुराडं करून आणलं. शनिवार सोडून.

मी मात्र कधी कोणाची माफी मागितली नव्हती. आमच्या खानदानात ती रीत नव्हती, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

जुने पाळकसाहेब बदलून गेले, नवे आले. शिकलेले, कडक इस्त्रीचे. ६९ सालच्या पावसाळ्यात त्यांनी संजीवन सभा ठरवल्या. मोठे वक्ते येणार, आवारात मांडव पडणार. विषय काढला 'कर्ण्यांचा सण'. आणि आपल्याच आवारात एक खराखुरा यहुदी आहे म्हटल्यावर त्यांना हर्षवायूच झाला. मामांना विचारलं, "तुमच्या सणाला शिंग वाजवून दाखवाल का?" मामा भाबडे. म्हणाले, "दरसाल ओसरीवर वाजवतो. त्यात लपवायचं काय? या, ऐका."

पाळकसाहेबांनी पत्रकं छापली. 'प्रत्यक्ष यहुदी बांधव शिंग वाजवून दाखवतील.' दिवस बरोबर सणाचा, इंग्रजी कॅलेंडरातून स्वतःच शोधून काढलेला. स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

मामांकडे मुंबईहून त्यांच्या लोकांची छापील तारखांची वही पोस्टानं यायची. त्या वर्षी उशिरा आली. उघडून पाहतात तर सण शनिवारी. तसेच उठले आणि पाळकसाहेबांच्या बंगल्यावर गेले. सभेला आठ दिवस बाकी होते. आठ दिवस! मी तिथे खुर्च्या पुसत होतो म्हणून सांगतो.

"साहेब, सण शनवारी आला. शनवारी आम्ही शिंग हातात घेत नाही. पण सण दोन दिवसांचा असतो. रविवारी सकाळी वाजवीन. पोटभर ऐका."

"वक्ते शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं परत जाणार आहेत. आणि तुम्ही शब्द दिला होता, एलोजी."

"शब्द सणाचा दिला होता. शनवार मोडायचा नव्हता दिला."

"दोन मिनिटांचं तर काम आहे."

"ती दोन मिनिटं माझी असती तर दिली असती साहेब. ती त्याची आहेत."

पाळकसाहेब हसले, त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "पाहू हो त्या दिवशी." हे 'पाहू हो' मला आजही टोचतं. त्यांना खात्री होती की चारशे माणसांसमोर उभं केलं की म्हातारा मुकाट्यानं वाजवेल. शिवाय राहायला खोली कोणाची? तोंडानं म्हणाले नाहीत, पण खिडकीतून मामांच्या खोलीकडे पाहून घेतलं.

शुक्रवारी तान्हा पोळा होता. मामा दरवर्षी पोरांसाठी लाकडाचे बैल करायचे, चाकं लावून. हिंदूंची, बौद्धांची, आमची, सगळी पोरं त्यांच्या ओसरीवर. त्या दिवशी इतवारीतून मारबत, गावाबाहेर नेऊन जाळायचा बाईचा मोठा पुतळा, निघालेली, रस्ताभर आरडाओरडा, "घेऊन जाय गे मारबत!" खोकला घेऊन जा, रोगराई घेऊन जा, महागाई घेऊन जा. मी मामांना म्हटलं, "तुम्ही बी काही देऊन टाका तिच्यासंग. ह्या पाळकाले द्या."

मामा एका बैलाचं चाक फिरवून पाहत होते. म्हणाले, "सगळं नेते ती. फक्त दुसऱ्याचं दुखवलेलं मन नेत नाही. तिथं आपल्यालाच पायी जावं लागतं." मग सूर्याकडे पाहिलं, शेवटचा बैल पोराच्या हातात दिला, कानावरची पेन्सिल काढली.

शनिवारी दुपारी तीनला मांडव भरला. वक्ते बोलायला चांगले होते, खोटं काहून बोलू. शेवटी म्हणाले, "आता आपण तो आवाज ऐकू, जो सीनाय पर्वतावर ऐकू आला होता!" आणि पाळकसाहेबांनी मामांना हात धरून व्यासपीठावर आणलं. पांढरे कपडे, पांढरी टोपी, कान मोकळा, हात मोकळे.

"शिंग कुठे आहे?" वक्त्यांनी विचारलं.

"घरी. आज शनवार."

मांडवात खसखस पिकली. वक्त्यांनी तीच संधी धरली. मामांच्या पाठीवर हात ठेवून लोकांना म्हणाले, "बंधूंनो, पाहा! प्रकाश आला तरी हे बिचारे सावलीला धरून बसले. नियमशास्त्राचं जू मानेवर आहे, म्हणून आज सणाच्या दिवशीसुद्धा ह्यांचा कर्णा मुका आहे." टाळ्या पडल्या. घरी आलेल्या पाहुण्याला असं उभं करतात का? बाजारात म्हैससुद्धा असं दाखवत नाहीत.

मामा टाळ्या थांबेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "साहेब, मुकं नाही ते. शिंग त्याच्या हुकुमानं वाजतं आणि त्याच्याच हुकुमानं गप्प राहतं. तुमच्या पत्रकाच्या हुकुमानं नाही वाजत." आणि खाली उतरले.

पाळकसाहेबांचा चेहरा लाल. त्यांनी मला बोट दाखवून बोलावलं. "याकोब, जा. फडताळातलं ते शिंग घेऊन ये."

आता इथं मी लोकांवर चिडून लिहिणं थांबवतो, कारण इथं माझी पाळी आहे. मी गेलो. चाव्या माझ्याकडे होत्या, पण खोलीला कुलूप नव्हतंच. मामा कधी लावत नसत. चौकटीवर त्यांनी देववचनाची छोटी लाकडी डबी ठोकली होती, येताजाता तिला बोट लावून ओठाला लावायचे. मी तिच्याखालून आत गेलो, कापडात गुंडाळलेलं शिंग काढलं आणि आणून दिलं. मांडवाच्या कडेला मामा उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

वक्त्यांनी शिंग तोंडाला लावलं. गाल फुगवले. नुसतं 'फुस्स'. परत एकदा. 'फुस्स'. पोरं खिदळली, मग मोठी माणसंही. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं.

सभा मोडल्यावर सगळ्यांदेखत ते मामांना म्हणाले, "सोमवारी खोली रिकामी पाहिजे."

मामा म्हणाले, "उद्या सण आहे. परवा करतो."

पंचांपैकी एकही बोलला नाही. 'जिवंत असेपर्यंत' ऐकलेला मी, मीसुद्धा बोललो नाही.

शिंग टेबलावर हारांच्या ढिगात पडलं होतं. ते मी उचलून घरी नेलं. परत खोलीत ठेवायला माझे पाय वळेनात. मार्थानं पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवले.

"त्यायनं आनाले सांगतलं अन् तुमी आनलं? हात नाही झडले काय जी तुमचे?"

"नोकरी आहे वं."

"येशूले वळखत नाही म्हनतानी पेत्रानंबी असाच काही बहाना सांगतला असन. आरवू द्या कोंबडा सकाळी." आणि तिनं शिंग धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून कपाटावर ठेवलं.

सोमवारी मामांनी खोली सोडली. हत्यारांची पेटी आणि एक ट्रंक घेऊन ते कल्याणला मुलीकडे गेले. पुन्हा नागपूरला आले नाहीत. पाळकसाहेब पुढे आणखी मोठ्या जागेवर गेले. त्याबद्दल मला लिहायचं नाही, लिहिलं तर शिव्या लिहीन. मला लिहायचं आहे ते मधल्या रविवारचं. कारण कोणी मला विचारलं की त्या सणाचा ख्रिस्ती माणसासाठी अर्थ काय, तर मी ढग दाखवणार नाही. मी ती सकाळ सांगणार.

कोंबडा आरवला. मी अंगणात तोंड धुत होतो. फाटकाशी पांढरे कपडे दिसले. मामा आत आले, टोपी नीट केली.

"याकोबा, काल मी तुझ्याकडे फार वाईट नजरेनं पाहिलं. तू नोकर माणूस. माफी मागायला आलो."

माझ्या तोंडात पाणी होतं, ते थुंकायचंही भान राहिलं नाही. शिंग कुठं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. खोलीचं काढलं नाही. चोरी मी केली होती आणि माफी ते मागत होते! माझ्या मनात वाक्य तयार होतं, 'मामा, चुकलं माझं.' एवढंच. ते आलं नाही. माझी मान ताठ, जीभ त्याहून ताठ. आज हे लिहितो आहे ते त्याच वाक्यासाठी, उशीर झाला तरी.

मार्थानं आतून शिंग आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते टोपीच्या काठाला पुसलं आणि निघाले. मला वाटलं, खोलीकडे. ते बंगल्याकडे वळले. मी मागोमाग गेलो, मेंदीच्या कुंपणापर्यंत.

पाळकसाहेब खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर आले. मामा पायरीखाली उभे.

"साहेब, काल मी चारचौघांत तुम्हाला उलट बोललो. बोललो ते खरं होतं, पण तुमचा मान गेला. त्याबद्दल माफ करा."

आपल्या प्रभूनं काय सांगितलं आहे? अर्पण घेऊन वेदीपाशी आलास आणि भावाचं मन तुझ्यामुळे दुखलं आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी त्याच्याकडे जा. हे आम्ही लहानपणापासून पाठ म्हणतो. पाळकसाहेबांनी त्यावर कितीदा तरी प्रवचन दिलं असेल. आणि ते करून दाखवत होता तो, ज्यानं ते कधी वाचलं नव्हतं. हातात अर्पण घेऊनच आला होता, मेंढ्याच्या शिंगाचं.

पाळकसाहेब म्हणाले, "बरं, बरं. ठीक आहे. खोलीचं तेवढं उद्या पाहा." आणि दार लावून घेतलं.

मामा आपल्या ओसरीवर आले. डबीला बोट लावलं, ओठाला लावलं. आठ वाजायला आले होते. मंडळी नटूनथटून फाटकातून येत होती. मी चर्चच्या दारात घंटेची दोरी हातात धरून उभा होतो.

मामांनी शिंग तोंडाला लावलं. एक लांब. तीन तुटक. नऊ हुंदके. आणि शेवटचा लांब, इतका लांब की येणारी माणसं जिथल्या तिथं थांबली, सायकलवाले उतरले, कोणाचं तरी पोर रडायचं थांबलं. बंगल्याची खिडकी उघडली आणि बंद झाली.

मग मामा आत गेले.

मी दोरी खुंटीला गुंडाळून ठेवली आणि पुठ्ठ्याची घडी न घालताच बाविसाव्या बाकावर जाऊन बसलो. थोड्या वेळानं एक पंच धावत आले.

"याकोब, आठ वाजून गेले. घंटा काहून नाही वाजवली गा?"

मी म्हणालो, "वाजली न जी. ऐकू नाही आली काय तुमाले?"